चिऱ्यातून उष्णता किती वाहते? सच्छिद्र दगडाची वाहकता संगणकावर काढण्याचा नीट क्रम

एका विद्यार्थिनीनं कोरड्या जांभ्याची उष्णतावाहकता संगणकावर काढून मला दाखवली: १.३१ वॅट प्रति मीटर-केल्विन. सोबत दगडाची त्रिमितीय प्रतिमा, रंगीत तापमान-नकाशे, सगळं देखणं. दगडाची सच्छिद्रता (एकूण घनफळातला छिद्रांचा वाटा) ३० टक्के, घन भागाची वाहकता २.० धरलेली, छिद्रांत हवा. एवढ्या तीन आकड्यांवरून कागदावर दोन ओळींत निघतं, की सगळ्या दिशांना सारखा वागणारा असा दगड १.२३ च्या वर जाऊच शकत नाही. दगड एखाद्या दिशेला जास्त वाहत असेल म्हणून तिन्ही दिशांनी हिशोब करून पाहिला. तिन्हीकडे जवळपास तोच आकडा. म्हणजे दगडात काही वेगळं नव्हतं, प्रोग्रॅमची एक ओळ चुकली होती. त्या ओळीपायी तिचे दोन महिने गेले.

अशी चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी कारण एकच असतं: कामाचा क्रम उलटा. आधी प्रतिमा, मग सॉफ्टवेअर, मग आकडा आणि वेळ उरलाच तर तपासणी. हा लेख तो क्रम सरळ लावण्यासाठी आहे. उदाहरण कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याचं घेतलं आहे. काँक्रीट, वीट, फोम, बॅटरीचं इलेक्ट्रोड किंवा तेलाच्या विहिरीतला वालुकाश्म, यांतलं काहीही असलं तरी पायऱ्या याच राहतात. उदाहरणातले आकडे हिशोब समजण्यासाठी निवडले आहेत. तुमच्या दगडाचे तुम्हालाच मोजावे लागतील.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘जांभ्याची वाहकता काढायची’ हा प्रश्न अपुरा आहे. कोरड्या की ओल्या? चिऱ्याची की चुन्या-सिमेंटच्या सांध्यांसकट भिंतीची? उष्णता कुठल्या दिशेनं जाणार? आणि किती अचूक आकडा पुरेल?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. घराच्या छताचा ढोबळ अंदाज हवा असेल तर १५ टक्के चूक चालते, आणि मग पुढचे निम्मे टप्पे गाळता येतात. वहीत असं लिहा: ‘पूर्ण कोरड्या आणि पूर्ण भिजलेल्या चिऱ्याची, भिंतीच्या जाडीच्या दिशेनं, ३० अंश सेल्सिअसला वाहकता, १० टक्क्यांच्या आत.’ हे वाक्य लिहून होत नसेल तर संगणक सुरू करू नका.

## टप्पा २: नमुना, दिशा आणि वजनकाटा

चिरेखाणीतून दगड निघाला की त्याची वरची बाजू खडूनं नव्हे, ऑइलपेंटनं खूण करून ठेवा. जांभ्यातली नळीसारखी भोकं बरेचदा एका दिशेला झुकलेली असतात. दगड गाडीत पडला की ती दिशा कायमची हरवते, आणि नंतर तिन्ही दिशांचे आकडे वेगळे आले तर कुठला कुणाचा हे सांगता येत नाही.

मग सच्छिद्रता. त्यासाठी तीन वजनं लागतात: कोरडं, भिजलेलं आणि पाण्यात बुडवून टांगलेलं. समजा ती अनुक्रमे ४१२, ४७६ आणि २६२ ग्रॅम आली. दगडाचं एकूण घनफळ ४७६ − २६२ = २१४ घनसेंटिमीटर. त्यातलं पाणी ४७६ − ४१२ = ६४. सच्छिद्रता ६४ ÷ २१४, म्हणजे ०.३०. लगे हात घन भागाची घनताही तपासा: ४१२ ÷ १५० = २.७५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. हा आकडा २ च्या खाली आला तर पाणी सगळ्या छिद्रांत शिरलेलं नाही.

इथे जांभ्याच्या बाबतीत तीन चुका हमखास होतात.

सुकवण्याची चूक: नेहमीच्या सवयीनं १०५ अंशांवर भट्टीत ठेवलं, तर लोहाच्या आणि चिकणमातीच्या खनिजांत रासायनिकरीत्या बांधलेलं काही पाणीही निघून जाऊ शकतं. ५०–६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. वेळ लागतो, लागू द्या.

भिजवण्याची चूक: नुसतं बादलीत बुडवून ठेवलं तर आतली हवा अडकून बसते. निर्वात पंप लावून हवा काढा, मग पाणी सोडा.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी आहे. दगड पाण्यातून वर काढला की पृष्ठभागावर उघडणाऱ्या मोठ्या भोकांतलं पाणी गळून जातं. वजनकाट्याच्या हिशोबात ती भोकं मग नसल्यासारखीच होतात. उपाय सोपा आहे. नमुना काटकोनात कापा, व्हर्नियरनं लांबी-रुंदी-उंची मोजून घनफळ काढा आणि वजनांवरून आलेल्या घनफळाशी ताडून पाहा. जो फरक येईल तो या मोठ्या भोकांचा.

> तपासा: सच्छिद्रतेचा आकडा किमान तीन नमुन्यांवर आला आहे ना? एकावर आलेल्या आकड्यावर पुढचं काहीही उभं करू नका.

## टप्पा ३: संगणकाआधी कागद – वरची आणि खालची मर्यादा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा टप्पा ठेवा.

छिद्रांचा आकार, जागा, जोडणी काहीही माहीत नसली तरी मिश्रणाची वाहकता दोन मर्यादांत बांधलेली असते. उष्णता थरांना समांतर वाहिली तर सर्वांत जास्त, थरांना काटकोनात वाहिली तर सर्वांत कमी. घन भागाची वाहकता ‘घ’, छिद्रातल्या पदार्थाची ‘छ’, सच्छिद्रता ‘स’ धरू:

समांतर = (१ − स) × घ + स × छ

काटकोनी = १ ÷ [ (१ − स)/घ + स/छ ]

घ = २.०, हवेसाठी छ = ०.०२६, स = ०.३० टाका. समांतर १.४१, काटकोनी ०.०८४. अंतर फार मोठं आहे. पण पदार्थ सगळ्या दिशांना सारखा वागतो असं धरता आलं, तर हाशिन आणि श्ट्रिकमन या संशोधकांनी १९६२ मध्ये दिलेल्या जास्त घट्ट मर्यादा वापरता येतात:

वरची = घ + स ÷ [ १/(छ − घ) + (१ − स)/(३घ) ]

खालची = छ + (१ − स) ÷ [ १/(घ − छ) + स/(३छ) ]

कोरड्या दगडासाठी वरची १.२३, खालची ०.१९. आता छिद्रांत हवेऐवजी पाणी भरा, छ = ०.६. वरची १.५०, खालची १.३९.

या चार आकड्यांकडे जरा थांबून पाहा. दगड तोच, छिद्रं तीच. कोरडा असताना दोन मर्यादांत सहापटींहून जास्त अंतर आहे, भिजल्यावर जेमतेम ८ टक्के. कारण घन आणि हवा यांच्या वाहकतेत सुमारे ७७ पटींचा फरक आहे, घन आणि पाणी यांच्यात तीन-साडेतीन पटींचा. भिजलेल्या चिऱ्याचा आकडा १० टक्क्यांच्या आत हवा असेल आणि घ भरवशाची असेल, तर काम इथेच संपलं: १.४५ लिहा आणि उठा. त्यासाठी मायक्रो-सीटीवर (क्ष-किरणांनी दगडाच्या आतली त्रिमितीय प्रतिमा काढण्यावर) पैसे घालवणाऱ्यांना मी दर वेळी थांबवतो. कोरड्या चिऱ्याचा आकडा मात्र पूर्णपणे छिद्रांच्या रचनेवर ठरतो, आणि तिथे प्रतिमेला पर्याय नाही.

‘मग ब्रुगमनचं सूत्र का नको?’ असं विचारलं जातं. मिश्रणाची वाहकता एका आकड्यात देणारं हे एक तयार सूत्र. वापरा, पण ते काय गृहीत धरतं ते ओळखून वापरा. कोरड्या दगडासाठी ते १.१२ देतं. दोन वाहकतांचा भूमितीय मध्य काढला तर ०.५४ येतो. दोन्ही आकडे मर्यादांच्या आत बसतात आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. घन भाग सलग आणि छिद्रं तुटक असतील तर उत्तर वरच्या मर्यादेजवळ असतं, घन कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतील तर खाली सरकतं. सूत्र निवडलं की रचनेबद्दलचं गृहीतकही निवडलं जातं. एखादं सूत्र ‘प्रयोगाशी जुळलं’ म्हणून निवडणं ही निवड नव्हे.

> सावधान: घट्ट मर्यादा सगळ्या दिशांना सारख्या पदार्थासाठीच आहेत. भोकं एका दिशेला झुकलेली असतील तर समांतर–काटकोनी मर्यादाच लागू.

## टप्पा ४: प्रतिमा आणि काळं-पांढरं

मायक्रो-सीटीची प्रतिमा म्हणजे करड्या छटांचे छोटे घन, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेल घन की छिद्र हे ठरवायचं असतं, आणि त्यासाठी करड्या छटेवर एक थ्रेशोल्ड लावतात, म्हणजे एक सीमा: तिच्या एका बाजूची छटा घन, दुसऱ्या बाजूची छिद्र. सॉफ्टवेअरचं बटण दाबून आलेला थ्रेशोल्ड तसाच स्वीकारणं ही इथली मुख्य चूक. थ्रेशोल्ड थोडा वर, थोडा खाली करून तिन्ही प्रतिमा जपून ठेवा. शेवटी वाहकता तिन्हींवर काढायची आहे. त्यातला फरक हाच तुमच्या आकड्याचा प्रामाणिक डळमळीतपणा.

प्रतिमेवरून सच्छिद्रता काढा आणि वजनकाट्याच्या सच्छिद्रतेशेजारी लिहा. समजा प्रतिमा ०.१९ म्हणते आणि काटा ०.३०. घाबरू नका आणि थ्रेशोल्ड ओढूनताणून जुळवूही नका. व्हॉक्सेल २० मायक्रोमीटरचा असेल तर त्याहून बारीक छिद्रं दिसणारच नाहीत. ती ‘घन’ दिसणाऱ्या भागात दडली आहेत. किती, हे सरळ निघतं: ०.३० − ०.१९ = ०.११, भागिले ०.८१, म्हणजे प्रतिमेतला घन भाग स्वतःच सुमारे १४ टक्के सच्छिद्र आहे. मग त्याची वाहकता २.० धरणं चूक. वरच्या मर्यादेचंच सूत्र या बारीक पातळीवर लावलं तर ती जास्तीत जास्त १.६ च्या आसपास येते. प्रोग्रॅममध्ये घनासाठी हा आकडा जायला हवा.

उलट दिशेचा घोळही पाहून ठेवा. ४०० व्हॉक्सेलची बाजू आणि २० मायक्रोमीटरचा व्हॉक्सेल म्हणजे नमुना फक्त ८ मिलीमीटरचा. जांभ्यात बोट जाईल एवढी भोकं असतात. असं एक अख्खं भोकसुद्धा त्या प्रतिमेत मावत नाही! म्हणून जांभ्याचा हिशोब दोन पातळ्यांवर करा. बारीक रचनेची वाहकता मायक्रो-सीटीवरून काढा. मग तो आकडा ‘घन’ म्हणून घेऊन मोठ्या भोकांचा हिशोब अख्ख्या चिऱ्याच्या प्रतिमेवर करा. रुग्णालयात वापरतात तसल्या सीटी यंत्राला अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचं दिसतं, या कामाला तेवढं पुरतं. वजनांत न आलेली भोकं या दुसऱ्या पातळीवर धरली जातात.

> तपासा: तिन्ही दिशांना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जोडलेला घन भाग आहे का? छिद्रांची सलग वाट आहे का? ही दोन उत्तरं आत्ताच लिहून ठेवा. पुढे आकडा विचित्र आला तर कारण बहुधा इथेच सापडतं.

## टप्पा ५: तुकडा केवढा घ्यायचा

प्रतिमेतून वाढत्या आकाराचे घन कापा: बाजू ५० व्हॉक्सेल, १००, २००, ४००. प्रत्येक आकाराचे शक्य तेवढे वेगवेगळे तुकडे घ्या आणि प्रत्येकाची सच्छिद्रता आणि वाहकता दोन्ही काढा. तुकडा मोठा होत जाईल तसं आकड्यांचं विखुरणं कमी व्हायला हवं आणि सरासरी एका जागी थांबायला हवी. जिथे थांबते तो तुमचा प्रातिनिधिक आकार.

सच्छिद्रता स्थिर झाली म्हणजे झालं, असं समजू नका. वाहकता उशिरा स्थिरावते आणि पाण्याची पारगम्यता (दगडातून पाणी किती सहज वाहतं ते) त्याहूनही उशिरा. म्हणूनच, एका गुणधर्मासाठी ठरवलेला आकार दुसऱ्याला उसना देऊ नये.

## टप्पा ६: समीकरण, सीमा आणि ती एक ओळ

समीकरण साधं आहे. स्थिर अवस्थेत कुठल्याही व्हॉक्सेलमध्ये जेवढी उष्णता येते तेवढीच बाहेर जाते. दोन समोरासमोरच्या बाजूंना तापमानाचा फरक द्यायचा आणि एकूण प्रवाह मोजायचा.

सीमा अटी, म्हणजे तुकड्याच्या बाहेरच्या बाजूंवर काय धरायचं ते, मात्र जपून ठरवा. सगळ्या बाजूंवर तापमान सरळ रेषेत बदलतं असं लादलं तर उत्तर वर झुकतं. सगळ्या बाजूंवर प्रवाह एकसारखा लादला तर खाली झुकतं. एक बाजू संपली की समोरची सुरू, अशी आवर्ती अट या दोहोंच्या मध्ये पडते. ‘आम्ही पन्नास तुकड्यांची सरासरी घेतली, म्हणजे चूक निघून गेली,’ असं मला सांगितलं जातं. जात नाही. सीमेमुळे येणारा कल प्रत्येक तुकड्यात एकाच बाजूला असतो, सरासरीनं तो धुतला जात नाही. एकाच तुकड्यावर दोन टोकाच्या अटी लावून पाहा. दोन उत्तरांतलं अंतर म्हणजे तुकडा किती अपुरा आहे त्याचं माप.

आता ती ओळ. शेजारशेजारच्या दोन व्हॉक्सेलच्या सामाईक पृष्ठावर वाहकता किती धरायची? एक घन, २.०. दुसरा हवेचा, ०.०२६. त्या विद्यार्थिनीनं साधी सरासरी घेतली होती: १.०१३. पण उष्णतेला अर्धा व्हॉक्सेल घन आणि अर्धा हवा, असं एकामागून एक पार करायचं आहे. अडथळ्यांची बेरीज होते, वाहकतांची नाही. म्हणून इथे हरात्मक मध्य लागतो:

२ × २.० × ०.०२६ ÷ (२.० + ०.०२६) = ०.०५१

साधी सरासरी याच्या जवळजवळ वीसपट आहे. प्रत्येक छिद्राच्या कडेला वीसपट सैल दार! दोन-तीन व्हॉक्सेलएवढी बारीक छिद्रं मग हिशोबातून जवळजवळ नाहीशीच होतात. तिच्या १.३१ चं रहस्य एवढंच होतं. ओळ बदलली आणि आकडा मर्यादेच्या आत आला.

एक गोष्ट समीकरणात राहून जाते: मोठ्या भोकांतलं उष्णतेचं प्रारण, म्हणजे किरणांवाटे जाणारी उष्णता. भोकाच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जाणारी ही उष्णता भोकाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते. ३०० केल्विनला, भिंती पूर्ण काळ्या धरून, १ सेंटिमीटरच्या भोकासाठी ती सुमारे ०.०६ वॅट प्रति मीटर-केल्विन एवढ्या वाहकतेसारखी ठरते. हवेच्या स्वतःच्या ०.०२६ च्या दुपटीहून जास्त. १ मिलीमीटरच्या छिद्रासाठी हीच ०.००६ होते, आणि त्याहून बारीक छिद्रांत विसरली तरी चालते. म्हणजे दुसऱ्या पातळीवर, मोठ्या भोकांत, ‘छ’ ०.०२६ नाही.

## टप्पा ७: उत्तर आधीच माहीत असलेली गणितं

खरी प्रतिमा प्रोग्रॅमला देण्याआधी त्याला खोटी, सोपी रचना द्या.

१. सगळे व्हॉक्सेल एकाच पदार्थाचे. उत्तर त्या पदार्थाचीच वाहकता, शेवटच्या अंकापर्यंत.

२. सपाट थर, ७० टक्के घन आणि ३० टक्के हवा. समांतर दिशेला १.४१, काटकोनात ०.०८४. इथे फरक पडला तर थांबा, पुढे जायचं नाही. साधी सरासरी वापरणारा प्रोग्रॅम काटकोनी चाचणीत लगेच पकडला जातो.

३. द्विमितीय बुद्धिबळाचा पट, निम्मे चौकोन घन आणि निम्मे हवा. याचं अचूक उत्तर दोन वाहकतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ: ०.२२८. चौकोनांच्या टोकांशी प्रवाह एकवटतो, त्यामुळे खडबडीत जाळीवर (एका चौकोनात मोजकेच व्हॉक्सेल असताना) उत्तर बरंच चुकेल. जाळी दुप्पट, चौपट बारीक करत न्या आणि उत्तर सावकाश ०.२२८ कडे सरकतंय का ते पाहा. जाळीचा दोष काय असतो, हे या चाचणीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

चौथी चाचणी माझ्याकडून: रचना ९० अंशांत फिरवा आणि प्रवाहाची दिशाही तशीच फिरवा. उत्तर तेच यायला हवं. येत नसेल तर क्ष, य, ज्ञ अक्षांची कुठेतरी अदलाबदल झाली आहे. प्रतिमा वाचणाऱ्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे ही चूक फार होते.

## टप्पा ८: खरा हिशोब

४०० बाजूच्या घनात ६ कोटी ४० लाख व्हॉक्सेल असतात. प्रत्येकाला ८ बाइट म्हणजे तापमानाची एकच यादी सुमारे ५०० एमबी खाते, आणि सॉल्व्हरला (प्रोग्रॅममधल्या समीकरणं सोडवणाऱ्या भागाला) अशा चार-पाच याद्या लागतात. लॅपटॉप अडकला म्हणून प्रतिमा निम्मी करण्याआधी हे गणित मांडा.

सॉल्व्हर कधी थांबवायचा? वाहकतांमधला फरक ७७ पट असताना तो हळू चालतो, आणि ‘शेष चूक कमी झाली’ एवढ्यावर थांबवलं तर प्रवाह अजून हलत असतो. आत जाणारी आणि बाहेर पडणारी उष्णता ०.१ टक्क्याच्या आत जुळू द्या. मधल्या प्रत्येक काटछेदातूनही तेवढाच प्रवाह जायला हवा. तो काटछेदागणिक बदलत असेल तर हिशोब पुरा झालेला नाही.

सरासरी काढताना प्रवाह संपूर्ण घनफळावर वाटा, छिद्रांसकट. फक्त घन भागावर वाटला तर आकडा फुगतो. ही चूक दोन पातळ्यांच्या हिशोबात तर दोनदा होते.

शेवटी जाळीची चाचणी. प्रत्येक व्हॉक्सेलचे आठ करा आणि उत्तर किती हललं ते पाहा. स्मृती पुरत नसेल तर छोट्या तुकड्यावर करा, पण करा.

> सावधान: तिन्ही थ्रेशोल्डच्या प्रतिमा आणि तिन्ही दिशा, असे किमान नऊ आकडे हवेत. एकच आकडा हातात असेल तर हा टप्पा अर्धवट आहे.

## टप्पा ९: मोजमापाशी ताडताना

इथे सर्वांत जास्त अप्रामाणिकपणा नकळत घडतो. गणिताचा आकडा मोजमापाशी जुळत नाही, मग घन भागाची वाहकता थोडी बदलून जुळवली जाते आणि ‘मॉडेल प्रयोगाशी सुसंगत’ असं लिहिलं जातं. घन भागाची वाहकता सहसा कुणालाच नेमकी माहीत नसते, म्हणून हे खपूनही जातं.

यातून सुटायची वाट टप्पा ३ मध्येच दडली आहे. पूर्ण भिजलेल्या दगडाचा आकडा रचनेवर फारसा अवलंबून नसतो. तो मोजा. समजा १.४५ आला. मर्यादांची दोन्ही सूत्रं उलटी सोडवली की घन भागाची वाहकता १.९२ ते २.१२ यांच्यात असायलाच हवी असं निघतं. आता ती इथे पक्की करा आणि पुन्हा हात लावू नका. मग कोरड्या दगडाचं मोजमाप घ्या आणि मॉडेलचा कोरडा आकडा त्याच्याशेजारी ठेवा. हा फरक खरी परीक्षा घेतो, कारण जुळवायला हातात काही उरलेलं नसतं.

ओला दगड मोजताना एक पथ्य पाळा. गरम आणि थंड पाटांच्या मध्ये नमुना तासन्‌तास ठेवायची पद्धत कोरड्यासाठी उत्तम, पण ओल्या नमुन्यात ओल गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि तुम्ही भलताच दगड मोजता. तिथे तापलेल्या तारेची किंवा सुईची झटपट पद्धत वापरा.

आणि अर्धवट ओला चिरा? पावसाळ्यातली भिंत अशीच असते. कोरडा आणि ओला आकडा यांच्यामध्ये सरळ रेष ओढू नका. पाणी आधी बारीक छिद्रांत आणि कणांच्या सांध्यांत शिरतं, नेमकं उष्णतेची वाट अडलेली असते तिथे. म्हणून पहिल्या थोड्या ओलीनंच वाहकता झपाट्यानं वाढते, नंतरची वाढ मंद असते. मधले दोन-तीन बिंदू तरी मोजा.

## टप्पा १०: तोच प्रोग्रॅम दुसऱ्या गुणधर्मासाठी वापरताना

विद्युतवाहकता, छिद्रांतल्या पाण्यातून क्षारांचं विसरण, परावैद्युत स्थिरांक यांचं स्थिर अवस्थेतलं समीकरण हेच आहे, त्यामुळे प्रोग्रॅम चालतो. क्षारांच्या बाबतीत घन भागाला शून्य द्यायचं आणि वाट फक्त जोडलेल्या छिद्रांतून. मात्र वाटेच्या वळणदारपणाचा गुणक वापरताना तो लांबीचं गुणोत्तर आहे की त्याचा वर्ग, हे लिहूनच ठेवा. दोन्ही प्रथा चालतात आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या सूत्रात जातो. सच्छिद्रता त्यात आधीच धरली आहे का, तेही पाहा.

उष्णता किती वेगानं पसरते हा आकडा, म्हणजे विसरणांक (वाहकता भागिले घनफळामागची उष्माधारकता), हवा असेल तर विसरणांकांची सरासरी कधीही काढू नका. घनाचा विसरणांक समजा ९ × १०⁻⁷ आणि हवेचा २.२ × १०⁻⁵ वर्गमीटर प्रति सेकंद. ७०–३० नं सरासरी काढली तर ७ × १०⁻⁶ येतो. खरी रीत अशी: वाहकता मॉडेलमधून घ्या, समजा १.०. उष्माधारकतेची मात्र घनफळानुसार साधी सरासरी चालते: ०.७ × २२ लाख, म्हणजे सुमारे १५.४ लाख ज्यूल प्रति घनमीटर-केल्विन. हवेचा वाटा नगण्य. भागाकार ६.५ × १०⁻⁷. आधीच्या सरासरीत अकरा पटींची चूक होती.

पाण्याच्या पारगम्यतेला हा प्रोग्रॅम चालत नाही. तिथे प्रवाहाचं समीकरणच वेगळं, आणि पारगम्यता छिद्राच्या आकारमानाच्या वर्गाप्रमाणे बदलते. सच्छिद्रतेवरून थेट पारगम्यता देणारी सूत्रं बहुतेक गोल कणांच्या ढिगासाठी आहेत. दख्खनच्या फुगेदार बेसाल्टला ती लावली की काय होतं ते पाहा: सच्छिद्रता भरपूर, पण फुगे एकमेकांना जोडलेले नाहीत. सूत्र म्हणतं पाणी वाहील, आणि प्रत्यक्षात विहिरीला पाणी येतं ते भेगा-सांध्यांतून.

## टप्पा ११: आकडा कसा लिहायचा

नुसतं ‘वाहकता ०.९७’ असं लिहू नका. ओलीची अवस्था, दिशा, तापमान, सच्छिद्रता मोजण्याची रीत, घन भागाची वाहकता कुठून आली, तुकड्याचा आकार आणि संख्या, सीमा अट, हे सगळं आकड्यासोबत एका परिच्छेदात द्या. त्याच ओळीत वरची आणि खालची मर्यादाही. चूक सांगताना थ्रेशोल्डमुळे किती, तुकड्याच्या आकारामुळे किती, जाळीमुळे किती, हे वेगवेगळं लिहा. एकत्र करून एकच ± दिला तर पुढचा माणूस त्यातलं काहीच सुधारू शकत नाही.

आणि भिंतीचा आकडा हवा असेल तर चिऱ्याच्या आकड्यावर थांबू नका. चिरा, सांधा आणि गिलावा हे पुन्हा एक मिश्रण आहे. त्याच्यासाठी वही उघडा आणि टप्पा ३ पासून सुरू करा.